उशीची उंची

गेल्या वर्षी श्रावण लागल्यापासून दसऱ्याच्या सुमारापर्यंत मी दोन उशा आठवड्याआड बदलून वापरल्या आणि रोज सकाळी अंथरुणातून उठण्याआधी वहीत चार गोष्टी लिहिल्या. झोप लागायला अंदाजे किती मिनिटे लागली, रात्री किती वेळा जाग आली, मान किती आखडली आहे (शून्य ते दहा), आणि आदल्या दिवशी दुपारी पेंग आली होती का. एक उशी सासरहून आलेली, सावरीच्या कापसाची, गच्च भरलेली. दुसरी नवी, मेमरी फोमची, २,८०० रुपयांची.

एवढा खटाटोप करण्याचे कारण असे की वर्षभर सकाळच्या वेळी माझी मान उजवीकडे वळत नव्हती. गल्लीतून स्कूटर बाहेर काढताना उजवीकडून काय येते आहे ते पाहायचे तर कमरेपासून वळावे लागे. साठी ओलांडल्यावर पुण्याच्या रहदारीत हा प्रकार धोक्याचाच. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, वयाप्रमाणे झीज आहे म्हणाले, मानेचे व्यायाम दिले आणि जाता जाता सुचवले, "उशी बदलून बघा." रात्रीच्या जागेविषयी सांगितल्यावर, झोपेची गोळी लिहून देऊ का, असेही त्यांनी विचारले. गोळीचे उत्तर मी पुढे ढकलले. मी तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. उशीने फरक पडतो की नाही हे कळण्याआधी गोळी सुरू केली असती तर पुढे कशाचा गुण आला ते ओळखता आले नसते. व्यायाम मात्र सर्व काळ रोज सारखेच ठेवले, कारण तेही मध्येच कमी-जास्त झाले असते तर वहीला काही अर्थ राहिला नसता.

आधी शब्दाकडे पाहू. मराठीतली 'उशी' संस्कृत 'उच्छीर्षक' या शब्दाशी नाते सांगते. पाली आणि प्राकृतातून घासत घासत तो आपल्याकडे आला. अर्थ सरळ आहे, डोके वर उचलून धरणारी. 'पायथ्याशी'च्या विरुद्ध टोकाचे 'उशाशी' हेही त्यातूनच आले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात सूर्या पतीकडे निघते तेव्हाच्या वर्णनात 'उपबर्हण' म्हणजे उशी आहे, म्हणजे वस्तू जुनी आहे. पण मला सगळ्यात आवडते ती भीष्मपर्वातली कथा. शरीर बाणांवर टेकलेले, डोके मात्र अधांतरी लोंबते आहे. भीष्म उशी मागतात. राजे धावत जाऊन मऊ, उंची वस्त्रांच्या उशा आणतात. भीष्म हसून त्या नाकारतात, मग अर्जुन तीन बाण मारून डोक्याखाली आधार उभा करतो आणि पितामह प्रसन्न होतात. कथेत हा क्षत्रियधर्माचा प्रश्न आहे हे खरे, पण यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही अर्जुनाचे उत्तर बिनचूक होते. शय्या बाणांची, तर उशीही त्याच जातीची आणि नेमक्या उंचीची हवी.

उशी म्हणजे मऊपणा, हे समीकरण सगळ्या जगाने मान्य केलेले नाही. प्राचीन इजिप्तमध्ये डोक्याखाली लाकडाचे, दगडाचे किंवा हस्तिदंताचे टेकू घेत. खाली बैठक, मध्ये खांब, वर चंद्रकोरीसारखी खोबण. तुतनखामेनच्या थडग्यात, जे १९२२ साली सापडले, असे अनेक टेकू होते. त्यातल्या हस्तिदंती टेकूवर हवेचा देव शू दोन्ही हातांनी ती खोबण उचलून धरतो. चीनमध्ये तांग आणि सोंग राजवटींच्या काळात चिनी मातीच्या भाजलेल्या, आतून पोकळ उशा होत्या. उन्हाळ्यात त्या गार लागत. जपानमध्ये एदो काळातल्या स्त्रिया केशरचना मोडू नये म्हणून छोट्या खोक्यावर बसवलेल्या उंच उशीवर मान टेकवत. आजही तिथे बकव्हीट या धान्याच्या टरफलांची उशी वापरतात. हलवली की सळसळते आणि हवा तसा आकार घेते. या सगळ्या लोकांना रात्रभर झोप येत नसे असे मानायला काही आधार नाही. कडक असो की मऊ, प्रत्येकाने उंचीचा प्रश्न मात्र सोडवलेला दिसतो.

हा उंचीचा प्रश्न नेमका कशामुळे येतो, ते शरीराकडे पाहिले की कळते. मानेत सात मणके असतात (जिराफाच्या मानेतही सातच, हे वर्गात सांगितले की मुले हमखास जागी होत). त्यांची रांग सरळ नसते, पुढच्या बाजूला हलकी फुगीर कमान असते. डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो. दिवसा हे वजन मानेचे स्नायू आणि मणक्यांमधल्या चकत्या मिळून सांभाळतात. रात्री आडवे झाल्यावर चकत्यांवरचा दाब कमी होतो, त्या पाणी शोषून पुन्हा फुगतात. सकाळी आपण रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळे. ही दुरुस्ती चालू असताना मान सहा-सात तास एका बाजूला वाकलेली राहिली, तर एका बाजूचे स्नायू आणि सांधे ताणले जातात आणि दुसऱ्या बाजूचे दबतात. सकाळी मान आखडते त्याला अनेक कारणे असतात. त्यांपैकी उशीच्या हातात असलेले कारण एवढेच.

पाठीवर झोपलो तर डोक्यामागची पोकळी लहान असते, त्यामुळे कमी उंचीची उशी पुरते. पोटावर झोपणाऱ्याला उशी जवळजवळ नकोच, तिथे मान आधीच एका बाजूला पिळलेली असते. कुशीवर झोपलो की मात्र खांद्याची सगळी रुंदी डोके आणि गादी यांच्यामध्ये येते, आणि उशीला तेवढी जागा भरून काढावी लागते. आपण कुठल्या बाजूवर झोपतो हे आपल्याला वाटते तसे असतेच असे नाही. डेन्मार्कमधल्या साडेसहाशेहून जास्त नोकरदारांच्या अंगावर हालचाल टिपणारी छोटी उपकरणे लावून केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात अंथरुणातल्या वेळेपैकी सरासरी ५४ टक्के वेळ कुशीवर, ३७-३८ टक्के पाठीवर आणि सुमारे ७ टक्के पोटावर गेला होता. म्हणजे एकच माणूस एका रात्रीत वेगवेगळ्या उंचीची उशी मागतो. दुकानात दोन कडांना दोन उंच्या असलेली नागमोडी उशी मिळते ती याचसाठी, पण झोपेत माणूस ठरल्याप्रमाणे योग्य कडेवर सरकेल हा भाबडा विश्वास आहे.

माझ्या खांद्याचे माप मी घरीच काढले. भिंतीला एका बाजूचा खांदा टेकवून सरळ उभे राहायचे, नजर समोर, आणि दुसऱ्या कोणीतरी डोक्याच्या बाजूपासून भिंतीपर्यंतचे अंतर पट्टीने मोजायचे. नवऱ्याने मोजले, १३ सेंटिमीटर. आमची गादी कापसाची, कडक. तिच्यात खांदा दोन-अडीच सेंटिमीटर रुततो. म्हणजे डोके ठेवल्यावर उशीची उंची साडेदहाच्या आसपास राहायला हवी. 'डोके ठेवल्यावर' हे महत्त्वाचे. दुकानातल्या कागदावर लिहिलेली उंची रिकाम्या उशीची असते. दबलेल्या उशीची उंची मोजायला मी पाच किलो तांदळाची पिशवी वापरली. जवळजवळ डोक्याच्याच वजनाची. उशीवर मधोमध ठेवली, दहा मिनिटे थांबले आणि कडेला पट्टी लावली. फोमची उशी अकराला थोडी कमी भरली. सावरीची उशी पंधरा सेंटिमीटर. नवरा म्हणाला, "म्हणजे तू रात्रभर कोणाचं तरी बोलणं वाकून ऐकत असतेस."

आता दोन्ही उशांच्या पोटात काय आहे ते सांगायला हवे, कारण 'जुनी' आणि 'नवी' एवढ्याने काही कळत नाही. सावर, म्हणजे काटेसावर, माघ-फाल्गुनात पाने गाळून लाल फुलांनी भरते, आणि उन्हाळ्यात तिची बोंडे तडकून रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडतो. या तंतूला आपल्या शेतातल्या कापसासारखा पीळ नसतो. तो आखूड, गुळगुळीत आणि आतून पोकळ असतो. गुळगुळीत म्हणून त्याचे सूत धरत नाही, आणि पोकळ म्हणून तो हलका आणि उबदार राहतो. तिच्याच कुळातल्या पांढऱ्या सावरीचा कापूस पाण्यावर इतका चांगला तरंगतो की एके काळी जहाजांवरच्या लाइफ जॅकेटमध्ये तोच भरत. सूत होत नाही, मग उशी करा, हा हिशेब आपल्याकडे फार जुना. त्याचा दोष एकच, तो दाबाने बसत जातो आणि गोळे होतात. मग पिंजाऱ्याला बोलवायचे. धनुष्यासारख्या पिंजणाची तात लाकडी ठोकळ्याने वाजवत दारोदार फिरणारे पिंजारी, नदाफ आता शहरात क्वचित दिसतात. आमच्या भागात टेम्पोवर यंत्र घेऊन येतात. गिऱ्हाइकाला टुमटुमीत उशी आवडते म्हणून ते ती गच्च भरतात. आमची उशीही दोन वर्षांपूर्वी अशीच भरलेली.

मेमरी फोमचा जन्म अगदी वेगळ्या गरजेतून झाला. १९६६ साली चार्ल्स योस्ट या अभियंत्याने नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी विमानातल्या आसनांकरिता हा फोम तयार केला. हादरा बसला की ऊर्जा शोषून घ्यावी आणि दाब एका ठिकाणी न साठता पसरावा, हा उद्देश. साधा फोम दाबून सोडला की लगेच उसळतो. हा सावकाश, काही सेकंद घेत मूळ आकारात येतो, आणि ऊब लागली की मऊ पडतो. स्वीडनमधल्या एका कारखान्याने पुढे त्याच्या गाद्या केल्या आणि १९९० च्या दशकात तो जगभर घरांत शिरला. 'नासाचे तंत्रज्ञान' हे शब्द उशीच्या खोक्यावर असतात ते एवढ्यापुरते खरे. अंतराळवीर या उशीवर झोपत असतील असे मात्र कोणी समजू नये. वजनरहित अवस्थेत डोके टेकतच नाही, तिथे उशीला काही कामच नसते.

फोमच्या तीन गोष्टी वापरणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात कळतात. नव्या उशीला रसायनाचा वास येतो, तो मोकळ्या हवेत ठेवल्यावर काही दिवसांत जातो. ती गरम होते, कारण तिच्यातून हवा फारशी खेळत नाही, आणि झोप लागताना शरीराचे आतले तापमान खाली यायला हवे असते, त्यामुळे डोके तापणे सोयीचे नसते. आणि ती धुता येत नाही.

प्रयोगाची आखणी हा माझ्या आवडीचा भाग, म्हणून त्यावर थोडी जास्त जागा घेते. नवी उशी आणली आणि चार दिवसांत बरे वाटले, असे आपण सगळेच ऐकतो. त्यावर लगेच विश्वास का ठेवू नये? पहिले कारण फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात दाखवले. फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने उंच असतात, पण त्यांच्याइतकी नाही. टोकाचे मोजमाप पुढच्या खेपेला सरासरीकडे सरकते. मानदुखीचेही तसेच आहे. माणूस उशी विकत घ्यायला निघतो तो दुखणे अगदी वर गेलेले असते तेव्हा. त्यानंतर ते आपोआप थोडे खाली यायचेच असते. श्रेय मात्र दुकानदाराला मिळते. दुसरे कारण आशा. २,८०० रुपये मोजल्यावर मान दुखते म्हणायला जीभ रेटत नाही. तिसरे उलट्या दिशेने काम करते. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे झोपेच्या प्रयोगशाळांत १९६६ पासून नोंदलेले आहे, आणि २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की अशा पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध राहतो. उशी बदलणे हे खोली बदलण्याइतके मोठे नाही, पण सवय मोडल्याचा परिणाम पहिल्या एक-दोन रात्री असू शकतो.

एकाच माणसावर शिस्तशीर चाचणी करायची पद्धत वैद्यकात आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ती मांडली. एका रोग्याला दोन उपचार जोडीजोडीने आलटून पालटून द्यायचे, जोडीतला कुठला आधी ते चिठ्ठी टाकून ठरवायचे, आणि रोज नोंद ठेवायची. मी दोन आठवड्यांची एक जोडी अशा चार जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीच्या सुरुवातीला नवऱ्याने नाणे उडवले. छाप आला तर सावर आधी, काटा आला तर फोम आधी. प्रत्येक आठवड्याच्या पहिल्या दोन रात्री हिशेबातून वगळल्या. गणपतीत गावाला गेलो ते दिवस धरले नाहीत. मोजायला राहिल्या चाळीस रात्री, प्रत्येक उशीच्या वीस. औषधाच्या चाचणीत रोग्याला गोळी कुठली ते कळू देत नाहीत. इथे ते शक्य नव्हते. डोके टेकताच उशी कुठली ते कळते. म्हणून ठरवले की फरक थोडासा असला तर तो मानायचाच नाही, आणि चारही जोड्यांत कौल एकाच बाजूला पडला तरच त्याला काही म्हणायचे. दोन्ही उशा सारख्याच असत्या तर चारही वेळा फोमच जिंकण्याची शक्यता दोनाचा चौथा घात, म्हणजे सोळात एक. फार भक्कम पुरावा नव्हे, पण घरच्या वहीसाठी पुरे.

मानेच्या बाबतीत कौल चारही जोड्यांत फोमकडे गेला. सावरीच्या रात्रींनंतर आखडण्याची सरासरी ५.८, फोमच्या रात्रींनंतर ३.१. शेवटच्या जोडीत तर फोमच्या आठवड्यात मी दोनदा 'एक' लिहिले आहे. झोपेच्या बाबतीत मात्र वहीने साफ हात वर केले. रात्री जाग येण्याची सरासरी सावरीवर २.३ वेळा, फोमवर २.२ वेळा. दोन जोड्या हिच्या, दोन तिच्या. झोप लागायला लागणारा वेळ तसाच, दुपारची पेंगही तशीच.

हा निकाल मला विचित्र वाटला नाही, कारण मोठे अभ्यासही साधारण हेच सांगतात. मानदुखी आणि उश्या यांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून २०२१ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. जुनी मानदुखी असणाऱ्यांना रबराच्या आणि स्प्रिंगच्या उशांनी सकाळचे दुखणे कमी झाले, पण झोपेच्या दर्जावर उशीच्या रचनेचा परिणाम दिसला नाही. ऑस्ट्रेलियात सुझन गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी कुशीवर झोपणाऱ्या शंभराहून जास्त लोकांना पाच प्रकारच्या उशा आठवडा-आठवडा वापरायला दिल्या होत्या. तिथे रबराची, म्हणजे लेटेक्सची उशी सरस ठरली आणि पिसांची सगळ्यात मागे राहिली. नागमोडी फोमची उशी साध्या फोमच्या उशीहून चांगली असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. नागमोडी उशीची किंमत सहसा जास्त असते, म्हणून ही ओळ लक्षात ठेवण्यासारखी.

उशीने झोप का सुधारू नये? झोप कधी आणि किती गाढ लागते हे ठरवणाऱ्या दोन शक्ती झ्युरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडल्या. जागेपणी तासातासाने साठत जाणारी झोपेची ओढ ही एक, आणि शरीरातले चोवीस तासांचे घड्याळ ही दुसरी. दुपारी तास-दीड तास ताणून दिली की पहिली शक्ती खर्च होते. संध्याकाळचा कडक चहा तिला रात्री झाकून टाकतो, कारण मेंदूत साठणारा ॲडेनोसिन हा पदार्थ जिथे काम करतो ती जागाच कॅफिन अडवते. उठण्या-निजण्याच्या वेळा रोज बदलल्या तर घड्याळ गोंधळते. उशी यांपैकी कशालाच हात लावत नाही. दुखण्यामुळेच जाग येत असेल त्याला ती उपयोगी पडेल. माझी जाग दुखण्याची नव्हती, दुखणे सकाळी सुरू होई.

गोळीच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. अमेरिकेतल्या अंतर्वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ पासून जुनाट निद्रानाशावर औषधाच्या आधी सवयी आणि विचार बदलण्याचा उपचार सुचवला आहे. त्यातलाच एक भाग मी पाळला. दुपारची झोप बंद, चारनंतर चहा बंद, उठायची वेळ रविवारीही साडेपाचच, आणि वीस-एक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडून दुसऱ्या खोलीत बसायचे. पहिले दहा दिवस हाल झाले. मग जाग एकदा, फार तर दोनदा येऊ लागली. हा भाग मी नाणे उडवून केला नाही, त्यामुळे संख्याशास्त्राच्या शिक्कामोर्तबाने तो सांगता येत नाही.

उशीकडे परत येते, कारण एक प्रश्न उरला होता. फोमने मान सुधारली ती फोम म्हणून, की अकरा सेंटिमीटर म्हणून? दोन उशांत दोन फरक होते, पदार्थाचा आणि उंचीचा, आणि एका प्रयोगाने ते सुटे करता येत नव्हते. दसऱ्यानंतर टेम्पोवाले पिंजारीचाचा आले तेव्हा सावरीची उशी घेऊन खाली गेले आणि म्हटले, आतला थोडा कापूस काढा. त्यांना ते पटेना. चांगला माल आहे, कशाला काढता, म्हणाले. मग मान दुखते असे सांगितल्यावर त्यांनी उशी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी दाबली आणि विचारले, "ताई, तुम्हाला उशी मऊ पाहिजे, का ठेंगणी पाहिजे? मऊ पाहिजे तर नुसती पिंजून देतो. ठेंगणी पाहिजे तर माल काढतो."

मऊपणा आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी इतक्या थोडक्यात वर्गात सांगू शकले नसते. पिंजल्याने उशी रिकामी असताना उलट फुगते, डोके टेकल्यावर पटकन बसते, आणि महिन्या-दोन महिन्यांत गोळे झाले की परत कडक होते. माल काढला की उंचीच उतरते. त्यांनी मूठ मूठ कापूस काढला, मी दर वेळी तांदळाची पिशवी ठेवून पट्टी लावली. टेम्पोभोवती चार बायका जमल्या. कापूस काढायचे आणि पिंजायचे १५० रुपये झाले. पट्टी अकरावर आली तेव्हा थांबलो. काढलेला कापूस चाचांनी एका पिशवीत बांधून दिला, "लागंल परत," म्हणून.

दिवाळीनंतर पुन्हा चार जोड्या. या वेळी दोन्ही उशा अकरा सेंटिमीटरच्या. मानेची सरासरी फोमवर ३.०, सावरीवर ३.२. दोन जोड्या हिच्या, दोन तिच्या. म्हणजे माझ्या मानेने आधी दिलेला कौल निदान मुख्यतः उंचीचा होता. फोमच्या बाजूने आणि विरुद्ध जे उरले ते लहानसहान. पौषात सकाळी खोली गार पडली की फोम लाकडासारखा घट्ट लागे आणि डोक्याच्या उबेने नरम व्हायला वेळ घेई. शेवटच्या जोडीत सावर पुढे गेली त्याचे कारण बहुधा तेच. उलट, फोमची उंची रोज तीच राहते आणि सावर मात्र बसते, हा फोमचा खरा फायदा.

खांदे रुंद असतील आणि गादी कडक, तर माझ्यापेक्षा उंच उशी लागेल. गादी फार मऊ असेल तर खांदा रुतून उंचीची गरज कमी होईल. त्यामुळे मैत्रिणीने सुचवलेली उशी तिच्याच खांद्याची असते. नव्या उशीवर खर्च करण्याआधी घरची उशी कमी करून, किंवा ती ठेंगणी असेल तर खाली चादरीची घडी घालून, दोन आठवडे पाहता येते. चादरीची घडी फुकट आहे.

दोन ठिकाणी मात्र उशीच्या प्रयोगात वेळ घालवू नये. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबून गुदमरल्यासारखे होणे आणि पुरेसे झोपूनही दिवसभर गुंगी, हे सारे एकत्र असेल तर ते श्वास अडण्याच्या विकाराचे लक्षण असू शकते. माझ्या एका आतेभावाने घोरण्यासाठी म्हणून तीन उशा बदलल्या. कुशीवर झोपल्यावर आवाज थोडा कमी होई, म्हणून सगळ्यांना बरे वाटे. शेवटी झोपेची तपासणी झाली आणि आता तो रात्री हवेच्या दाबाचा मुखवटा लावतो. ते यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे आणले. दुसरे ठिकाण पाळण्यातले. बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी आपल्याकडे मोठ्या प्रेमाने शिवतात, माझ्याही मुलीला होती. आताचे बालरोगतज्ज्ञ सांगतात की पहिल्या वर्षी बाळाला पाठीवर, सपाट बिछान्यावर, उशीशिवाय झोपवावे, कारण उशीने श्वास कोंडण्याचा धोका असतो. बाळंतविड्यातून ती उशी वगळावी हे मी सुनेच्या आईशी बोलून ठरवले.

स्वच्छतेचेही एवढ्यात सांगून टाकते. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००५ साली दीड ते वीस वर्षे वापरलेल्या दहा उशा तपासल्या तेव्हा प्रत्येकीत चार ते सोळा जातींच्या बुरशा सापडल्या. दमा किंवा ॲलर्जी असणाऱ्याने हे मनावर घ्यावे. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना दमटपणा लागतो, त्यामुळे गाद्या-उशा उन्हात टाकायची आपली रीत शास्त्राला धरून आहे. मात्र पावसाळ्यात ती चार महिने बंद पडते, तेवढा काळ अभ्रे कडकडीत गरम पाण्यात धुवावेत. फोमची उशी उन्हात ठेवू नये, ती भुरभुरते.

सावरीची उशी मी दर महिन्याला एक तारखेला तांदळाची पिशवी ठेवून मोजते. चैत्रात ती साडेदहावर होती, आषाढात दहाला टेकली आणि त्याच आठवड्यात मानेचा आकडा चारवर गेला. चाचांनी बांधून दिलेल्या पिशवीतला दोन मुठी कापूस आत भरला आणि खोळीची शिवण घातली. पिशवी अजून निम्मी भरलेली आहे.